‘फायनल फॅन्टसी’ची सुरुवात कुठल्या भागापासून करावी?

वार्षिक परीक्षा संपता संपता आठवीतल्या एका मुलाने मधल्या सुट्टीत मला गाठलं. “बाई, मला ‘फायनल फॅन्टसी’ खेळायचीय. दादाकडे सातवा भाग बघितला, भारी आहे. पण मी पहिल्यापासून सुरू करू का?”

मला तेव्हा या गेमचं नावही धड माहीत नव्हतं. पण शिक्षकाला ‘माहीत नाही’ म्हणणं जड जातं. तोंडाला आलं ते सांगून मोकळी झाले, “अर्थात! कुठलीही गोष्ट पहिल्यापासूनच वाचावी. क्रमाने जा.”

त्याने ऐकलं. आईकडे हट्ट करून घरच्या जुन्या लॅपटॉपवर पहिला भाग विकत घेतला, चार दिवस खेळला आणि सोडून दिला. निकालाच्या दिवशी त्याच्या आई भेटल्या. म्हणाल्या, “बाई, याला चिकाटीच नाही हो. हौसेने घेतलेला गेमसुद्धा अर्धवट टाकला. अभ्यासाचं तर बोलायलाच नको.” मुलगा शेजारी मान खाली घालून उभा होता.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी या मालिकेची माहिती काढली, दोन भाग स्वतः खेळून पाहिले. तेव्हा लक्षात आलं की चूक त्या मुलाच्या चिकाटीची नव्हती, माझ्या सल्ल्याची होती. तुमच्याही घरी किंवा वर्गात हा प्रश्न येऊ शकतो. म्हणून जे समजलं ते इथे क्रमाने मांडते आहे.

हा खेळ आहे तरी काय?

लहानपणी आपण भातुकली खेळलो, चोर-पोलीस खेळलो. त्यात जिंकणं-हरणं दुय्यम असायचं. दुसऱ्या कुणाची भूमिका घ्यायची, त्याच्यासारखं बोलायचं, त्याच्या जागी काय केलं असतं ते ठरवायचं, हीच खरी गंमत. अशाच प्रकारच्या व्हिडिओ गेमला ‘रोल-प्लेइंग गेम’ म्हणतात. मुलं थोडक्यात ‘आरपीजी’ म्हणतात.

या प्रकाराचं मूळ टेबलाभोवती बसून कागद, पेन्सिल आणि फासे घेऊन खेळायच्या खेळात आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तसला खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. पुढे ती कल्पना संगणकावर आली. जपानमध्ये १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला आणि खूप लोकप्रिय झाला. पुढच्याच वर्षी, १८ डिसेंबर १९८७ रोजी, स्क्वेअर नावाच्या कंपनीने निन्टेंडोच्या फॅमिकॉम या यंत्रासाठी ‘फायनल फॅन्टसी’ काढला. त्याचे मुख्य कर्ते हिरोनोबु साकागुची, संगीत नोबुओ उएमात्सु यांचं आणि चित्रं योशिताका आमानो यांची. नावात ‘फायनल’ कसं आलं याबद्दल एक कथा फार सांगितली जाते: कंपनी बुडायला आली होती, हा शेवटचा प्रयत्न, म्हणून ‘फायनल’. साकागुचींनी नंतर स्वतः खुलासा केला की त्यांना ‘एफएफ’ अशी आद्याक्षरं हवी होती. ‘एफ’ने सुरू होणारा दुसरा शब्दही चालला असता. ‘शेवटचा’ म्हणून निघालेल्या या मालिकेचे २०२३ पर्यंत १६ क्रमांकित भाग झाले. मूळ कंपनी २००३ मध्ये एनिक्स कंपनीत मिसळून ‘स्क्वेअर एनिक्स’ झाली.

या मालिकेचं संगीत तुम्ही कदाचित ऐकलंही असेल. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकच्या उद्घाटनात देशोदेशीचे संघ मैदानात येत होते तेव्हा जपानी व्हिडिओ गेममधल्या धून वाजवल्या गेल्या. त्यांत ‘फायनल फॅन्टसी’चीही होती.

व्हिडिओ गेम म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोळीबार येतो. या मालिकेतल्या पहिल्या दहा भागांत बोटांची फारशी चपळाई लागत नाही. लढाई आली की आपली माणसं एका बाजूला, शत्रू दुसऱ्या बाजूला. सापशिडीसारखी प्रत्येकाची पाळी येते. पाळी आली की समोर यादी येते: हल्ला, जादू, औषध, बचाव. त्यातलं एक निवडायचं. चौथ्या भागापासून वेळेची एक पट्टी आली. ती भरली की त्या पात्राची पाळी. बाकीचा वेळ गावोगाव हिंडायचं, माणसांशी बोलायचं, सामान घ्यायचं. म्हणजे मूल तासभर खेळतं तेव्हा त्यातला बराच वेळ ते वाचत असतं. ही गोष्ट मला सर्वस्वी नवीन होती.

क्रमांक आहेत, पण क्रम नाही

माझी चूक इथे झाली. मला वाटलं, १ ते १६ म्हणजे एकाच गोष्टीचे १६ भाग. तसं नाही.

आपल्याकडची उदाहरणं घेऊ. ‘श्यामची आई’ हे सलग पुस्तक आहे. ते पहिल्या रात्रीपासूनच वाचावं. ‘फास्टर फेणे’त नायक तोच, पण प्रत्येक पुस्तकात गोष्ट वेगळी, कुठलंही आधी घेतलं तरी चालतं. तिसरा प्रकार दिवाळी अंकाचा. अंकाचं नाव दरवर्षी तेच, काही सदरं ओळखीची, पण आतल्या कथा दरवर्षी नव्या. दिवाळी अंक वाचायचा म्हणून कुणी पहिल्या वर्षाचा अंक शोधत बसत नाही.

‘फायनल फॅन्टसी’ या तिसऱ्या प्रकारात मोडते. प्रत्येक क्रमांकाचं जग वेगळं, माणसं वेगळी, गोष्ट स्वतंत्र. ओळखीच्या काही खुणा तेवढ्या पुन्हा पुन्हा भेटतात: जादूचे स्फटिक, हवेत उडणारी जहाजं, ‘चोकोबो’ नावाचा घोड्यासारखा बसायचा मोठा पक्षी, ‘मूगल’ नावाचे गुबगुबीत प्राणी आणि ‘सिड’ नावाचं कुणीतरी, बहुधा यंत्रातलं जाणतं माणूस. सिड दुसऱ्या भागापासून आहे, पण प्रत्येक वेळी माणूस निराळा.

क्रम महत्त्वाचा नाही याचा पुरावा इतिहासातच आहे. अमेरिकेत १९९० साली पहिला भाग गेला. मग जपानचा दुसरा आणि तिसरा भाग तिकडे गेलेच नाहीत. जपानचा चौथा भाग १९९१ मध्ये अमेरिकेत ‘दुसरा’ म्हणून विकला गेला. पाचवा राहिला. जपानचा सहावा १९९४ मध्ये तिकडे ‘तिसरा’ झाला. १९९७ मध्ये सातवा भाग मात्र ‘सातवा’ म्हणूनच आला. अमेरिकेतली मुलं तीनवरून एकदम सातवर गेली आणि त्यांचं काहीही अडलं नाही. उलट सातवा भाग जगभर एक कोटीहून जास्त विकला गेला, आणि असंख्य लोकांनी मालिकेची सुरुवात तिथूनच केली.

एक अपवाद लक्षात ठेवा. क्रमांकाला पुढे आणखी आकडा जोडलेला असेल, उदाहरणार्थ ‘१०-२’ किंवा ‘१३-२’, तर तो त्या गोष्टीचा खरा पुढचा भाग असतो. तो आधी घेऊ नये. (क्रमांक रोमन अंकांत छापलेले असतात. पाचवीच्या गणितात रोमन संख्याचिन्हं शिकवताना मुलांना एवढं उदाहरण दिलं तरी वर्गात कुणाचे तरी डोळे चमकतील!)

मग पहिला भाग का नको?

पहिला भाग वाईट नाही. सुरुवातीलाच तुम्ही चार जणांचा चमू बनवता. लढवय्या, चोर, मल्ल, लाल, पांढरा आणि काळा जादूगार अशा ६ प्रकारांतून हवे ते निवडायचे. ही निवड अजूनही मजेदार आहे. पण या चौघांना स्वभाव नाही, भूतकाळ नाही, ते आपसात भांडत नाहीत की हसत नाहीत. १९८७ च्या यंत्रात तेवढी जागाच नव्हती. गावातल्या लोकांशी बोलून, ते काय सुचवतात ते लक्षात ठेवून, पुढचा रस्ता आपणच शोधायचा.

माझ्या विद्यार्थ्याने दादाकडे सातवा भाग पाहिला होता. त्याला त्यात काय आवडलं होतं? हा प्रश्न मी त्याला विचारलाच नव्हता. नंतर विचारलं तेव्हा तो म्हणाला, “त्यातली माणसं एकमेकांशी बोलतात, बाई. एक जण सारखा चिडतो, पण चांगला असतो.” त्याला माणसं हवी होती. मी त्याला मुक्या चौघांकडे पाठवलं. तो कंटाळला यात नवल ते काय?

सुरू करण्याआधी तीन प्रश्न

१. मुलाला नेमकं काय ओढतंय? माणसांची गोष्ट, डावपेच आणि आकडेमोड, की नुसती सुंदर चित्रं आणि भटकंती? ज्या भागाने मूल ओढलं गेलं तोच, वयाला चालत असेल तर, बहुतेक वेळा चांगला दरवाजा असतो.

२. इंग्रजी कितपत वाचता येतं? हे खेळ मराठीत नाहीत, हिंदीतही नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलाला सगळं इंग्रजीतून वाचावं लागतं. जुन्या भागांत एक सोय आहे: पात्राचं वाक्य पडद्यावर येतं आणि आपण बटण दाबेपर्यंत बहुतेक वेळा थांबून राहतं. हळू वाचणाऱ्या मुलाला कुणी हाकत नाही. नव्या भागांत पात्रं स्वतःच्या गतीने बोलत जातात.

३. घरात कोणतं यंत्र आहे आणि वेळ किती आहे? पहिले सहा भाग आता ‘पिक्सेल रीमास्टर’ या नावाने, चित्रं आणि संगीत नव्याने करून, संगणकावर आणि मोबाइलवरही मिळतात. सातवा आणि नववाही मोबाइलवर आहे. साध्या लॅपटॉपवर हे सगळे चालतात. सोळाव्यासाठी मात्र प्लेस्टेशन ५ सारखं नवं यंत्र किंवा चांगला ताकदवान संगणक लागतो. वेळेचं म्हणाल तर चौथा भाग साधारण २० तासांचा, सहावा ३५ च्या आसपास, नववा आणि दहावा ४० किंवा त्याहून जास्त. रोज एक तास धरला तर नववा भाग म्हणजे अख्खी मे महिन्याची सुट्टी.

चार दरवाजे

चौथा भाग (१९९१): वेळ कमी असेल तर.
गोष्ट सरळ आहे. सेसिल हा राजाचा काळ्या चिलखतातला सरदार. राजाच्या आज्ञेवरून तो एका गावात एक वस्तू पोहोचवतो आणि त्या वस्तूमुळे ते गाव जळून जातं. आज्ञा पाळली, पण आपल्या हातून पाप घडलं, या टोचणीतून तो बदलत जातो. वाल्याचा वाल्मीकी होण्याची गोष्ट आपल्या मुलांना ठाऊकच असते, त्यामुळे हे त्यांना लगेच भिडतं. एका डोंगरावर सेसिलला स्वतःच्याच काळ्या रूपाशी सामना करावा लागतो, आणि तिथे हल्ला न करता सोसत उभं राहणं हाच उपाय असतो. लढाईच्या खेळात ‘मारू नकोस’ हे उत्तर यावं, याचं मला कौतुक वाटलं.

नववा भाग (२०००): माझी पहिली पसंती.
एक नाटक कंपनी उडत्या जहाजातून राजधानीत येते. नाटक तर करायचंच आहे, पण खरा बेत राजकन्येला पळवण्याचा आहे. गंमत म्हणजे राजकन्येलाही राजवाड्यातून पळायचंच असतं! त्याच गर्दीत विवी नावाचा टोकदार टोपीतला लहानगा जादूगार नाटक बघायला आलेला असतो आणि त्याचं तिकीट खोटं निघतं. इथून गोष्ट सुरू होते. चित्रं परीकथेसारखी, विनोद भरपूर, गावात पोरांबरोबर दोरीच्या उड्या मारायचाही खेळ आहे.

भाषेच्या शिक्षकांसाठी यात एक खास प्रसंग आहे. राजकन्या दरबारी इंग्रजी बोलते. सामान्य लोकांत लपून राहायचं तर असं बोलून चालणार नाही, म्हणून नायक झिदान तिला साधं बोलायला शिकवतो. प्रमाणभाषा आणि बोली, कुठे काय बोलावं, यावर आपण वर्गात जे समजावतो ते इथे मूल गोष्टीतून अनुभवतं.

खेळाची रीतही शिकण्यासारखी आहे. एखादं शस्त्र किंवा कपडे वापरत राहिलं की त्यातलं कौशल्य त्या पात्राला कायमचं येतं. नुसतं विकत घेऊन उपयोग नाही, वापरायला हवं.

पुढे गोष्ट गंभीर होते. आपण कुठून आलो, किती दिवस जगणार, असे प्रश्न विवीला पडतात. हळवं मूल रडू शकतं. त्या वेळी शेजारी कुणी मोठं माणूस असावं, एवढंच. अमेरिकेतल्या वयोगटाच्या शिक्क्याप्रमाणे हा १३ वर्षांपुढच्यांसाठी आहे. मालिकेचे जनक साकागुची यांनी हाच भाग आपल्या मनातल्या ‘फायनल फॅन्टसी’च्या सर्वांत जवळचा असल्याचं सांगितलं आहे.

दहावा भाग (२००१): वाचायचा कंटाळा असेल तर.
मालिकेत पात्रांना पहिल्यांदा खरा आवाज इथे मिळाला. ऐकायचं आणि खाली अक्षरंही वाचायची, अशी दुहेरी सोय असल्याने इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला हा सोपा जातो. लढाईत घड्याळ नाही. पुढे कुणाकुणाची पाळी आहे ते पडद्यावर दिसतं, बुद्धिबळासारखा हवा तेवढा विचार करता येतो. युना नावाची तरुणी लोकांना संकटातून सोडवण्यासाठी यात्रेला निघते आणि त्या यात्रेची किंमत काय हे हळूहळू उलगडतं. श्रद्धा, परंपरा आणि प्रश्न विचारणं, असा विषय आहे. नववी-दहावीच्या मुलांशी यावर छान बोलता येतं.

सहावा भाग (१९९४): वाचनाची सवय असेल तर.
यात एकच असा नायक नाही, १४ पात्रं आहेत. अर्ध्या वाटेवर खलनायक जिंकतो आणि जग उद्ध्वस्त होतं! मग विखुरलेले सोबती शोधत फिरायचं, ते बरंचसं आपल्या मर्जीच्या क्रमाने. अनेक जण याला मालिकेतला सर्वोत्तम भाग मानतात. पण यात नदीच्या पाण्यात विष कालवून किल्ल्यातली माणसं मारली जातात, खचलेल्या एका व्यक्तीचा जीव देण्याचा प्रयत्न आहे. त्यामुळे हा मोठ्या मुलांसाठी, आणि शक्यतो दुसरा म्हणून.

आणि तो गाजलेला सातवा? जमिनीतून ऊर्जा शोषणारी बलाढ्य कंपनी आणि तिच्याशी लढणारी माणसं, असा विषय आहे. पर्यावरणावर बोलायला उत्तम. पण गोष्टीची सुरुवातच वीजकेंद्रात स्फोट घडवण्याने होते आणि पुढे शहराच्या बदनाम वस्तीतले काही प्रसंग आहेत. मूळ खेळाचं इंग्रजी भाषांतरही ठिकठिकाणी ओबडधोबड आहे. तेव्हा मूल थोडं मोठं असावं, किंवा सोबत दादा-ताई असावी.

इथून सुरुवात नको

• सोळावा (२०२३): मोठ्यांसाठीच. रक्तपात, शिव्या, प्रौढ प्रसंग. अमेरिकेत याला १७ वर्षांपुढचा शिक्का आहे, युरोपात १८ चा.

• अकरावा आणि चौदावा: हे इंटरनेटवर अनोळखी लोकांबरोबर खेळायचे आहेत आणि दरमहा पैसे भरावे लागतात. चौदाव्याचा मोठा भाग फुकट खेळता येतो हे खरं. पण त्याला शेवट असा नाही. ज्या मुलाला कुठे थांबावं हे अजून शिकायचंय, त्याला शेवट असलेली गोष्ट द्यावी.

• सातव्याचा ‘रीमेक’ (२०२०): नाव वाचून वाटतं, तोच खेळ नव्या चित्रांत. तसं नाही. मूळ गोष्टीच्या फक्त सुरुवातीच्या शहराचा यात मोठा खेळ केला आहे आणि गोष्टीतही बदल आहेत. पुढचा भाग ‘रीबर्थ’ २०२४ मध्ये आला. एकूण तीन खेळांत मिळून ती गोष्ट सांगायची योजना आहे, म्हणजे तीनदा खरेदी!

• ‘फ्री’ लिहिलेले मोबाइल गेम: या मालिकेच्या नावाने असेही गेम आहेत, उदाहरणार्थ ‘एव्हर क्रायसिस’. खेळायला पैसे नाहीत, पण चांगली शस्त्रं मिळवण्यासाठी सोडतीसारखी नशिबाची ओढ असते आणि तिथे खरे पैसे जातात. पालकांनो, एकदाच पैसे देऊन घ्यायचा गेम महाग वाटतो, पण त्याचा खर्च तिथेच संपतो. ‘फुकट’वाला कधी खिसा कापेल ते कळत नाही. निदान मोबाइलवरच्या खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.

घरातला एक नियम: ‘सेव्ह’ झालं की बंद

“जेवायला चल!” “पाच मिनिटं गं!” हा संवाद घरोघरी आहे. आपल्याला तो उद्धटपणा वाटतो. पण जुन्या खेळांत कुठेही थांबून प्रगती जपून ठेवता येत नसे. ठरावीक जागी पोहोचल्यावरच ‘सेव्ह’ करता येई. आधी बंद केलं तर अर्ध्या-पाऊण तासाची मेहनत वाया. रंगात आलेलं गणित अर्ध्यावर पुसून टाकल्यासारखंच ते.

म्हणून घड्याळाबरोबर ‘सेव्ह’चाही नियम ठेवा: वेळ संपत आली की दहा मिनिटं आधी सांगायचं, पुढची ‘सेव्ह’ची जागा आली की बंद. ‘पिक्सेल रीमास्टर’ आणि नवव्या भागाच्या नव्या आवृत्तीत प्रगती आपोआपही जपली जाते, त्यामुळे तिथे सबब चालणार नाही! नवव्याच्या याच आवृत्तीत वाटेतल्या लढाया बंद ठेवण्याची सोयही आहे. मूल एका जागी अडकून रडकुंडीला आलं तर ती वापरायला हरकत नाही. अवघड शब्दासाठी शब्दकोश उघडण्यात जशी लाज नाही, तशीच यातही नाही.

वर्गात काय करता येईल?

खेळ वर्गात आणायची गरज नाही. खेळणाऱ्या मुलाचा अनुभव आणता येतो.

१. शब्दवही: खेळात भेटलेले रोज पाच इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ.
२. नकाशा: खेळातल्या एखाद्या गावाचा नकाशा काढून दिशा आणि सूचीसह वर्गाला समजावणे.
३. पात्राची रोजनिशी: विवी किंवा सेसिलच्या जागी स्वतःला ठेवून दहा ओळी.
४. वाद-संवाद: ‘सेसिलने राजाची आज्ञा पाळायला हवी होती का?’ दोन गट करा. न खेळलेली मुलंही यात बोलतील.

शेवटी त्या मुलाविषयी

मे महिन्यात मी त्याच्या घरी फोन केला आणि त्याच्या आईंना सांगितलं, “चिकाटीचं मनावर घेऊ नका. मी त्याला चुकीच्या जागेवरून सुरू करायला लावलं होतं.” त्याला मग नववा भाग सुचवला. रोज एक तास, आणि शेजारी एक वही, एवढ्या दोन अटी घातल्या.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा वही घेऊन आला. चाळीसेक पानं भरली होती. पहिल्याच पानावर लिहिलं होतं: ‘अँटिडोट – उतारा’. शब्दकोशात पाहून लिहिलं होतं, पण कोड्यात पडला होता. “बाई, उतारा म्हणजे पुस्तकातला ना? प्रश्न सोडवायचा? मग तो विषावर कसा चालतो?” मला इतकं हसू आलं! मग विषावरचा उतारा, पुस्तकातला उतारा, डोंगराचा उतार, दृष्ट काढून टाकलेला उतारा, सगळे एका तासात फळ्यावर आले. तो तास मी ठरवून घेतला नव्हता.

गेम अजून पूर्ण झालेला नाही. शेवटच्या भागात अडकलाय, पण सोडलेला नाही. ‘चिकाटी नाही’ हा शब्द त्याच्या आईंनी पुन्हा काढलेला नाही.

मी मात्र तेव्हापासून एक सवय लावून घेतली आहे. वाचनालयाच्या तासाला कुणी विचारलं, “बाई, कुठलं पुस्तक घेऊ?”, तर लगेच कपाटाकडे बोट दाखवत नाही. आधी विचारते, “मागच्या वेळी काय आवडलं होतं? त्यातलं नेमकं काय?” उत्तर यायला वेळ लागतो, कधी कधी मूल नुसतं खांदे उडवतं. पण थांबलं तर उत्तर येतं.

तुमच्या घरी किंवा वर्गात कुणी ही मालिका खेळत असेल, तर त्याने कुठल्या भागापासून सुरुवात केली आणि तो टिकला का, हे त्याला आज जरूर विचारा.